पियानोचा पुढचा पीस निवडताना आधी डावा हात पाहा

पहिलं पुस्तक संपत आलं की प्रश्न येतो, आता काय वाजवायचं? घरच्यांना ओळखीची धून ऐकायची असते, विद्यार्थ्याला बेथोव्हेनचं ‘फ्युर एलिझ’ हवं असतं, आणि बायर, चेर्नी, बर्गम्युलर, बार्टोक, क्लेमेंटी या संगीतकारांची नावं दुकानातल्या एकाच फळीवर दिसतात. ही पुस्तकं एका पायरीची नाहीत आणि एका कामाचीही नाहीत. पीस सोपा की अवघड हे बहुतेक जण उजव्या हाताकडे, म्हणजे चालीकडे पाहून ठरवतात आणि तिथेच फसतात. सुरुवातीच्या काही वर्षांत पीस अडतो तो बहुतेक वेळा डाव्या हातामुळे.

म्हणून नोटेशन हातात आलं की आधी डाव्या हाताचं काम पाहावं. तो लांब कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) धरून बसतो, तुटक कॉर्ड (तेच सूर एकामागून एक) सतत फिरवतो, खालच्या बासवरून वरच्या कॉर्डवर उड्या मारतो, की स्वतःची स्वतंत्र चाल वाजवतो? या चार कामांपैकी एका पीसमध्ये एकच काम विद्यार्थ्याला नवं असावं. पडताळणीही सोपी आहे. फक्त डावा हात, अगदी संथ लयीत, पहिले आठ बार (उभ्या रेषांमधले तालाचे तुकडे) वाजवून बघा. त्यात तीन-चारपेक्षा जास्त वेळा थांबावं लागलं, तर तो पीस सध्या बाजूला ठेवावा.

बायर की बार्टोक

फर्डिनांड बायरच्या ओपस (कृतिक्रमांक) १०१ मध्ये १०६ छोटे पाठ आहेत. सुरुवातीचे पाठ दोन्ही हातांनी ट्रेबल क्लेफमध्येच (वरच्या सुरांच्या चिन्हात) वाजवायचे असतात. त्यामुळे सहा-सात वर्षांच्या मुलाला पहिल्या महिन्यातच दोन हात एकत्र वाजवण्याचा आनंद मिळतो. किंमत पुढे मोजावी लागते. बास क्लेफ (खालच्या सुरांचं चिन्ह) उशिरा येतो, तोवर डोळ्यांना ट्रेबलची सवय जडलेली असते, आणि बास क्लेफमध्ये सगळ्यात खालच्या रेषेवरचा जी विद्यार्थी ई म्हणून वाचतो. बायर वापरायचाच असेल तर पहिल्या आठवड्यापासून रोज चार-पाच बार बास क्लेफचं वेगळं वाचन द्यावं.

बार्टोकचं ‘मिक्रोकॉस्मॉस’ १९२६ ते १९३९ या काळात लिहिलं गेलं. सहा खंड, १५३ पीस, त्यांपैकी पहिल्या खंडात ३६. इथे दोन्ही क्लेफ पहिल्या पानापासून आहेत. सुरुवातीच्या पीसमध्ये दोन्ही हात तीच चाल सप्तकाच्या अंतराने वाजवतात. ऐकायला हे सोपं वाटतं, पण उजव्या हाताचा अंगठा ज्या सुरावर तिथेच डाव्याची करंगळी येते, त्यामुळे बोटांचा क्रम उलटा होतो. पुढे एक हात दुसऱ्याच्या मागून तीच चाल सुरू करतो. म्हणजे डाव्या हाताला स्वतंत्र चालीचं काम फार लवकर मिळतं. बायरमध्ये हे जवळजवळ नाहीच, तिथे डावा हात साथच करतो.

बार्टोकबद्दल नेहमीची तक्रार अशी की ‘हे गाणं वाटत नाही’. मेजर-मायनरची सवय असलेल्या कानाला डोरियन, फ्रिजियन, लिडियन या जुन्या स्वरसमूहांतल्या चाली अपुऱ्या वाटतात. पण ज्या घरात पेटी आहे किंवा मूल गाणं शिकतं, तिथे ही अडचण निम्मी होते, कारण डोरियनचे स्वर काफी थाटाचे, फ्रिजियनचे भैरवीचे आणि लिडियनचे कल्याणचे. अशा मुलाला बार्टोक निःशंकपणे द्यावा.

प्रौढ शिकणाऱ्यासाठी ‘मिक्रोकॉस्मॉस’चा पहिला खंड बायरपेक्षा सरस आहे. प्रौढांचा कंटाळा बायरच्या मध्यावर येतो आणि त्यांचं वाचन मागे राहतं. लहान मुलांसाठी बायरसारखं चालीचं पुस्तक आणि जोडीला बार्टोकचे रोज दोन पीस, हे मिश्रण चांगलं चालतं.

चेर्नी ५९९ की बर्गम्युलर १००

दुसऱ्या वर्षाच्या आसपास एट्यूडची (एकेक कौशल्य पक्कं करणाऱ्या सरावाच्या पीसची) वेळ येते आणि ही निवड सगळ्यात जास्त चुकते. चेर्नीच्या ओपस ५९९ मध्ये १०० पाठ आहेत, बर्गम्युलरच्या ओपस १०० मध्ये २५. आकड्यांवरून चेर्नी भरघोस वाटतो. पण चेर्नीचा एक पाठ सहसा एकच हालचाल घोळवतो, तर बर्गम्युलरच्या प्रत्येक पीसला नाव, स्वभाव, आवाजाची चढउतार आणि शेवट आहे. चेर्नी बोटं तयार करतो. बर्गम्युलर त्याच बोटांना संगीत वाजवायला लावतो. दोन्ही पुस्तकं पहिल्या पानापासून शेवटपर्यंत क्रमाने काढण्याची पद्धत सोडून द्यावी असं आमचं ठाम मत आहे. बर्गम्युलरमधल्या अडचणीवर औषध म्हणून चेर्नीतला पाठ शोधावा. उलटं केलं तर महिनोन्‌महिने औषधच घेतलं जातं.

बर्गम्युलरचा पहिला पीस ‘ला कांदर’ सी मेजरमध्ये आहे. डावा हात लांब कॉर्ड धरतो आणि उजवा क्वेव्हर (अर्ध्या ठोक्याचे सूर) जोडून वाजवतो. इथे मेट्रोनोमचा छापील वेग क्रॉचेट १५२ (मिनिटाला १५२ ठोके) आहे. तो पाहून घाबरू नये आणि तो गाठायचा हट्टही करू नये. १०० ते ११० वर लेगाटो (सूर जोडून वाजवणं) अखंड राहिला तर पीस झाला असं समजावं. नेहमीची चूक म्हणजे अंगठा आला की तो सूर मोठा होतो. अंगठा जड असतो आणि कळीवर आडवा पडतो, म्हणून त्याला टोकाच्या कडेवर ठेवून हलकं वाजवायला शिकवावं लागतं.

दुसरा, ‘अराबेस्क’, सगळ्यांचा लाडका. ए मायनर, उजव्या हातात सेमिक्वेव्हरची (पाव ठोक्याच्या सुरांची) झपझप चाल, डाव्यात चटकन सोडलेले कॉर्ड. पहिलं अर्धं पान आठवड्यात बसतं. मग दुसऱ्या भागात तीच झपझप चाल डाव्या हातात येते आणि गाडी अडते, कारण तोवर विद्यार्थ्याने उजव्या हाताला झेपणारा वेग पक्का केलेला असतो. उपाय असा की पीसची सुरुवातच दुसऱ्या भागातल्या डाव्या हातापासून करावी. क्रॉचेट ६० वर तो सलग तीनदा स्वच्छ आला की ६६, मग ७२. डावा हात जिथे थांबेल तोच सध्या पूर्ण पीसचा वेग. १०० ते ११२ वर हा पीस ऐकायला उत्तम लागतो. सेमिक्वेव्हरचा गट संपताना मनगट किंचित वर उचललं नाही, तर पुढच्या गटाचा पहिला सूर दाबला जातो.

पंधरावा ‘बॅलाड’ मात्र घाईने देऊ नये. सी मायनरमधली चाल सुरुवातीला डाव्या हातात आहे आणि उजवा वरून छोटे, चटकन सोडलेले कॉर्ड वाजवतो. एका सुराची चाल आणि तीन सुरांचे कॉर्ड एकत्र आले की कॉर्ड आपोआप वरचढ होतात. हा तोल आधी दुसऱ्या सोप्या पीसमध्ये शिकून यावा, आणि त्यासाठी शूमान आहे.

हानोनच्या ६० व्यायामांबद्दल एवढंच की ते पीस नाहीत. दहा मिनिटांचा बोटांचा व्यायाम म्हणून ठीक, एट्यूडची जागा ते भरून काढत नाहीत.

मिन्युएट की शूमान

आना माग्डालेना बाखच्या १७२५ च्या वहीतला जी मेजर मिन्युएट तिचा नवरा योहान सेबास्टियन बाखच्या नावाने प्रसिद्ध झाला, पण तो ख्रिश्चन पेत्झोल्डचा मानला जातो. ३२ बारांचा हा पीस दोन स्वतंत्र चालींचा आहे. डाव्या हाताला इथे साथ करून सुटका नाही. दुसऱ्या भागात सी शार्प येतो आणि तो नेमका विसरला जातो. छापील स्लर (सूर जोडण्याच्या कमानी) आणि ठिपके (सूर सुटे करण्याच्या खुणा) बहुतेक वेळा संपादकाचे असतात, म्हणून दोन आवृत्त्यांत ते वेगळे दिसले तर गोंधळू नये. क्वेव्हर जोडलेले आणि क्रॉचेट किंचित सुटे, ही एकच पद्धत पहिल्यापासून शेवटपर्यंत पाळावी.

शूमानचा ओपस ६८ हा १८४८ चा, ४३ पीसचा संग्रह आहे आणि पहिले १८ लहानांसाठी आहेत. त्यातला पहिला, ‘मेलडी’, कागदावर मिन्युएटपेक्षा सोपा दिसतो. पण डाव्या हाताचे क्वेव्हर सतत चालतात आणि ते चालीच्या खाली, अर्ध्या आवाजात ठेवायचे असतात. उजवा हात खुल्या आवाजात आणि डाव्याची बोटं कळींना नुसती स्पर्श करत, आवाज न काढता, असं दोन दिवस वाजवावं. तिसऱ्या दिवशी डाव्याला अगदी थोडा आवाज द्यावा. दहाव्या पीसमध्ये, म्हणजे ‘आनंदी शेतकरी’मध्ये, चाल थेट डाव्या हातात आहे आणि उजवा हात ठेक्याच्या मधल्या जागी कॉर्ड देतो. ‘बॅलाड’ची खरी तयारी इथे होते.

दोन्हींपैकी एकच घ्यायचा असेल, तर ज्याचं वाचन कच्चं आहे त्याने मिन्युएट घ्यावा. ज्याचे दोन्ही हात सारख्याच जोरात वाजतात त्याने शूमान.

सोनाटिना: क्लेमेंटी आधी, कूलाऊ नंतर

क्लेमेंटीच्या ओपस ३६ मध्ये सहा सोनाटिना (दोन-तीन भागांच्या छोट्या रचना) आहेत, १७९७ च्या. पहिलीच्या पहिल्या भागात डावा हात मोकळा आहे, मध्ये विश्रांतीही मिळते, आणि उजवा हात स्केल धावतो. सी आणि जी मेजर स्केल स्वच्छ येत असतील तर हा भाग महिन्याभरात उभा राहतो. चाल जी मेजरकडे वळते तिथे एफ शार्प चुकतो. पुढे तीच सुरुवात सी मायनरमध्ये येते तिथे ई फ्लॅट चुकतो. या दोन जागांवर पेन्सिलने खूण करूनच सुरुवात करावी. मधला संथ भाग सोपा समजून आधी देण्याची चूक होते. त्यात डाव्या हाताच्या तिपटी (एका ठोक्यात तीन सूर) एकसारख्या ठेवाव्या लागतात, म्हणून तो शेवटी.

कूलाऊच्या ओपस ५५ मधली पहिली सोनाटिना सी मेजरचीच आणि दोनच भागांची, म्हणून ती अदलाबदलीची समजली जाते. तशी ती नाही. इथे डावा हात तुटक कॉर्ड सतत फिरवतो. ते नुसत्या बोटांनी केलं की पान संपेपर्यंत कोपरापासून मनगटापर्यंत हात आखडतो. आधी ते तीन-तीन सूर एकत्र कॉर्ड म्हणून वाजवावेत, हाताचा आकार बसवावा, मग मनगट थोडं फिरवत सुटे करावेत. वजन करंगळीकडे, अंगठा हलका. क्लेमेंटीशिवाय थेट कूलाऊ घेतला तर दोन गोष्टी एकदम नव्या होतात.

‘फ्युर एलिझ’ की शोपँचा ए मायनर वॉल्ट्झ

‘फ्युर एलिझ’ची ओळखीची सुरुवात दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातही जमते. पुढचा एफ मेजरचा भाग आणि त्यातले झरझर सूर, मग डाव्या हाताच्या एकाच सुराच्या ठोक्यांवरचे मोठे कॉर्ड, त्यानंतरची तिपटींची चढण आणि क्रोमॅटिक (एकही कळ न सोडता केलेली) उतरण, हे वेगळ्याच पायरीचं काम आहे. त्यामुळे अर्धवट ‘एलिझ’ असंख्य घरांत पडून असतं आणि पुढे ते पूर्ण करायला बसलं की जुन्या चुका सोडवण्यात जास्त वेळ जातो.

शोपँच्या मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या ए मायनर वॉल्ट्झची अडचण पहिल्या ओळीतच समोर येते आणि बरीचशी सारखीच राहते: डावा हात खालचा बास, मग वर दोन कॉर्ड. सराव असा करावा. बास वाजवून हात लगेच कॉर्डवर नेऊन ठेवायचा, पण कॉर्ड वाजवायचा नाही. दहा वेळा अचूक बसला की मगच आवाज. पेडल नव्या बासबरोबर बदलायचं. आधी उचललं आणि बासची कळ सुटली तर तळ हरवतो, उशीर झाला तर मागच्या कॉर्डचा गढूळपणा राहतो. पेडल शिकायला ‘एलिझ’पेक्षा हा पीस चांगला.

शोपँच्या ओपस २८ मधला सातवा प्रेल्यूड फक्त १६ बारांचा, म्हणून मोह होतो. पण बाराव्या बारातला रुंद कॉर्ड लहान हाताच्या कवेत येत नाही. लहान हाताला चौथा, ई मायनर, जास्त मानवतो. तिथे कष्ट वाचनाचे आहेत, कारण डाव्या हातातले कॉर्ड एकेका सुराने सरकतात.

घरी कीबोर्ड असेल तर

६१ हलक्या (वजन नसलेल्या) कळींच्या कीबोर्डवर बाखच्या वहीतले पीस आणि इन्व्हेन्शन (बाखच्या स्वतंत्र चालींच्या छोट्या रचना) सुरांच्या आवाक्यात पूर्ण बसतात. ‘मिक्रोकॉस्मॉस’चे सुरुवातीचे पीसही. शूमान आणि शोपँ तिथे सूर म्हणून वाजतील, पण दोन हातांच्या आवाजातला फरक बोटांना शिकवणं कठीण. अशा घरी वर्षभर दोन स्वतंत्र चालींचे पीस जास्त ठेवावेत आणि वजनाच्या कळींचा डिजिटल पियानो आला की शूमान काढावा.

परीक्षा देणाऱ्यांसाठी

मुंबई, पुणे, गोवा इथले बरेच विद्यार्थी एबीआरएसएम किंवा ट्रिनिटी या ब्रिटिश संस्थांच्या ग्रेड परीक्षा देतात. एबीआरएसएमच्या प्रॅक्टिकल परीक्षेत १५० पैकी १०० गुणांना उत्तीर्ण. तीन पीसना प्रत्येकी ३०, स्केलना २१, साइट रीडिंगला (न पाहिलेलं नोटेशन तिथल्या तिथे वाजवण्याला) २१, ऐकण्याच्या चाचणीला १८. तिन्ही पीस निर्दोष वाजले तरी ९० च होतात. ट्रिनिटीत १०० पैकी ६० ला उत्तीर्ण आणि तीन पीसना मिळून ६६, शिवाय पाचव्या ग्रेडपर्यंत साइट रीडिंगऐवजी दुसरी चाचणी निवडता येते. वाचन कच्चं असलेल्याला ट्रिनिटी सोयीची वाटेल, पण त्या सोयीने वाचन सुधारत नाही.

वर्षभर तीनच पीस घोटणं हा या परीक्षांचा सगळ्यात मोठा तोटा आहे. परीक्षेच्या वर्षातही एका वेळी तीन थरांचे पीस हाताशी असावेत: सहा ते आठ आठवडे लागणारा एक, दोन-तीन आठवड्यांत होणारा एक, आणि दोन दिवसांत वाचून सोडून देण्याजोगे दर आठवड्याला दोन. शेवटच्या थरासाठी पीस विद्यार्थ्याच्या पातळीपेक्षा दोन ग्रेड सोपे घ्यावेत आणि ते पाठ करू नयेत.

बायर, चेर्नी, बर्गम्युलर, शूमान, क्लेमेंटी, कूलाऊ यांच्या जुन्या आवृत्त्या मोफत आणि कायदेशीर मिळतात. भारतात कॉपीराइटचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. बार्टोक १९४५ मध्ये गेला, त्यामुळे इथे तो खुला आहे, पण अमेरिकेत राहणाऱ्यांना ‘मिक्रोकॉस्मॉस’ विकतच घ्यावं लागेल. मुलांसाठी सुंदर लिहिणारा काबालेव्स्की १९८७ मध्ये गेला, म्हणून त्याचं पुस्तक इथेही विकतच. मोफत आवृत्ती उतरवताना फिंगरिंग (कोणत्या सुराला कोणतं बोट) छापलेली आहे ना ते बघा. नसेल तर पहिल्याच धड्याला शिक्षकांकडून ती डाव्या हातासाठी आधी लिहून घ्या.