वेस्ट डिकंपोजर आणि कुटाराचं खत : वर्षभर वापरल्यानंतर

सोयाबीन निघालं की कुटार (मळणीनंतरचा भुसा), गहू निघाला की काड. इंदूरजवळ सांवेर रोडच्या आमच्या शेतावर दोन्हींचे ढीग बांधाला पडून असायचे. नरवाई (कापणीनंतर शेतात उरलेलं काड) आम्ही कधी पेटवली नाही, पण त्याचं करायचं काय हेही ठरत नव्हतं. मागच्या दिवाळीपासून त्याचं खत करतोय. इंदुरात रामबागेतली ओळखीची मंडळी विचारत असतात, म्हणून सविस्तर लिहितो.

कल्चर, म्हणजे काडीकचरा कुजवणाऱ्या जीवाणूंचं विरजण, घेतलं ते गाझियाबादच्या सरकारी जैविक शेती केंद्राचं वेस्ट डिकंपोजर. बाटली 20 रुपयांची. 200 लिटर पाण्यात 2 किलो गूळ, त्यात बाटली रिकामी करायची आणि रोज दोनदा काठीने ढवळायचं. आठवड्याभरात वर फेस येतो, आंबूस वास सुटतो. पुढच्या ड्रमला त्यातलंच थोडं विरजण लावलं की झालं. दुसरी बाटली लागलीच नाही. बाजारातून ‘महिन्यात खत’ असं छापलेलं एक महागडं पाकीटही आणलं होतं. त्या ढिगातलं काड महिन्यानंतरही जसंच्या तसं होतं.

आता खरी गोष्ट. एका ढिगाला कल्चर आणि शेजारच्याला नुसता शेणकाला, असंही करून बघितलं. कल्चरचा ढीग थोडा आधी उतरला, पण दोन्हींचं खत झालं. बिघडतं ते पाणी, हवा आणि नत्र (नायट्रोजन) यांच्यापायी. गव्हाच्या काडात नत्राच्या मानाने कर्ब (कार्बन) 80 पटींच्या आसपास असतो, आणि जीवाणूंना लागतो 25-30 पट. म्हणून नुसतं काड रचलं की ते ढिम्म बसून राहतं. सोयाबीनचं कुटार त्यामानाने लवकर कुजतं. आम्ही काडात कुटार, शेण आणि गोठ्यातली मूत मुरलेली माती यांचे थर देतो.

ही मातीची युक्ती आपल्या इंदूरचीच बरं का! अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड या शेतीशास्त्रज्ञांनी इथल्या शेती संशोधन संस्थेत बसवलेली खताची पद्धत 1931 साली पुस्तकरूपाने आली, आणि जगभर ती ‘इंदूर पद्धत’ म्हणूनच ओळखतात. थरात पहारीने उभी भोकं पाडायची, पावसाळ्यात खड्ड्याऐवजी जमिनीवर ढीग लावायचा, हेही त्यातलंच. डबकं झालेल्या खड्ड्याचा वास ज्यांनी घेतलाय, त्यांना कारण सांगायला नको.

ढीग चालू आहे की नाही, हे पहार सांगते. रात्रभर खुपसून ठेवलेली पहार सकाळी उपसली तर आतल्या टोकाला हात लावता येत नव्हता. तणाचं बी मरायचं तर एवढी धग हवीच. ओल बघायला मूठभर माल दाबायचा. तळवा ओला व्हावा, पाणी टपकू नये. एप्रिल-मेच्या उन्हात मात्र ढीग वरून पार वाळतो. पाण्याची सोय नसेल तर त्या दिवसांत नादी लागू नका.

पिकाचं म्हणाल तर युरिया एकदम बंद करता येत नाही. अशा खतात नत्र शेकडा एकाच्या आसपास, म्हणजे गाड्याच्या गाड्या टाकाव्या लागतात. आम्ही युरिया थोडा कमी केलाय, इतकंच. बटाट्याच्या वाफ्यात खत टाकलं तिथली काळी माती मोकळी झालीय, ढेकळं हाताने फुटतात. शेजारच्या वाफ्यात अजून कुदळ लागते.

खर्च खरा मजुरीचा. ढीग निदान दोनदा तरी उलथावा लागतो, आणि सोयाबीन काढणीच्या दिवसांत माणूस मिळता मिळत नाही. यंदा कुटार आधी झाकून ठेवलंय, गव्हाची पेरणी उरकली की थर लावायला घेऊ.