किसिमीतलं घर खरं होतं, भाड्याने देणारा खोटा

यंदाच्या स्प्रिंग ब्रेकसाठी ज्यांनी फ्लोरिडात स्वस्तातलं घर शोधायला घेतलं असेल, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. आमचे १,४०० डॉलर गेले. पैशांपेक्षा जास्त राग याचा आहे, की सासू-सासरे भारतातून आलेले असताना, सगळ्या घराला घेऊन एवढ्या लांब गेल्यावर हे झालं. आणि ज्या पद्धतीने झालं, त्या पद्धतीने ते कुणाचंही होऊ शकतं.

न्यू जर्सीत ईस्टरच्या सुमारास शाळांना सुट्टी लागते, तेव्हाही सकाळी जाकीट घालावंच लागतं. मुलांना ऊन हवं असतं. नेमक्या त्याच आठवड्यात सगळा ईशान्य भाग दक्षिणेकडे निघतो आणि विमानाची तिकिटं कडाडतात. आम्ही सहा जण. म्हणून गाडीनेच जायचं ठरवलं. आय-९५ महामार्ग धरून व्हर्जिनिया, दोन्ही कॅरोलिना आणि जॉर्जिया ओलांडायचं, वाटेत सवानाला मुक्काम करायचा आणि तिथून ऑर्लँडोजवळच्या किसिमीला. आईंना बाहेरचं रोज सोसत नाही, बाबांना मधुमेह आहे. त्यामुळे हॉटेलच्या खोलीपेक्षा स्वयंपाकघर असलेलं घर बरं, दोन वेळा कुकर लावला की खर्चही आटोक्यात राहतो. हा हिशेब आपल्याकडची बहुतेक कुटुंबं करतात. फसवणाऱ्यांनाही तो माहीत असतो, असं आता मला वाटतं.

जाहिरातीतलं घर चार बेडरूमचं होतं, मागे छोटा पूल, आणि फाटकावर पहारा असलेल्या वसाहतीत. आठवड्याचं भाडं आजूबाजूच्या घरांपेक्षा कमी होतं, पण डोळ्यात खुपावं इतकं नाही. कारणही पटण्यासारखं दिलं: एका कुटुंबाने आयत्या वेळी बुकिंग रद्द केलं, घर रिकामं राहण्यापेक्षा कमी भाड्यात देतो. फोनवरचा माणूस अदबीने बोलायचा. मुलांची वयं विचारली, आजी-आजोबा येणार म्हटल्यावर खालच्या मजल्यावरच्या बेडरूमबद्दल आपणहून सांगितलं, पूलचं पाणी गरम हवं असेल तर त्याचे पैसे वेगळे हेही सांगितलं. मग म्हणाला, जाहिरात आहे त्या साइटवरून बुकिंग केलंत तर तिची फी तुमच्याच माथी बसेल, आपण थेट करार करू.

करार आला. पत्ता, आमची नावं, तारखा, सह्या, घराचे नियम, सगळं त्यात होतं. नकाशावर पत्ता टाकला तर घर सापडलं आणि रस्त्यावरून दिसणारं दारसुद्धा फोटोंशी जुळलं. वसाहतीच्या वेबसाइटवरचे पूल आणि क्लबहाउसचे फोटोही खरे निघाले. म्हणजे आम्ही जे जे पडताळलं ते सगळं खरं होतं. कारण फोटो आणि पत्ता त्याने एका खऱ्या जाहिरातीतून जसेच्या तसे उचलले होते. घर अस्तित्वात आहे का, हे आपण तपासतो. ते भाड्याने द्यायचा हक्क समोरच्याला आहे का, हे तपासत नाही, आणि सगळी फसवणूक नेमकी त्या फटीतून आत शिरते.

पैसे झेलने (बँकेतून थेट दुसऱ्याच्या खात्यात पैसे पाठवायची अमेरिकेतली सेवा) मागितले. आधी निम्मे, मग जायच्या काही दिवस आधी उरलेले, आणि त्यावर परत मिळणारं म्हणून २५० डॉलर डिपॉझिट. खात्यावरचं नाव त्याच्या नावाशी जुळत नव्हतं. विचारलं तर म्हणाला, ते घराची साफसफाई बघणाऱ्या कंपनीचं खातं आहे. प्रत्येक प्रश्नाला त्याच्याकडे असं तयार आणि साधं उत्तर होतं.

आम्ही वसाहतीच्या फाटकावर पोहोचलो तेव्हा अंधार पडायला आला होता. किसिमी आणि डेव्हनपोर्टकडच्या अशा कित्येक वसाहतींत पाहुण्यांची नावं आधी फाटकावर नोंदवलेली असतात. पहारेकऱ्याने यादी पाहिली, पुन्हा पाहिली, आमचं नाव नव्हतं. कराराचा कागद दाखवल्यावर त्याचा चेहराच बदलला. गाडी बाजूला घ्या आणि क्लबहाउसमधल्या ऑफिसात जा, असं त्याने फार सौम्यपणे सांगितलं. तिथल्या बाईंनी संगणकावर पाहून सांगितलं, की त्या घराची व्यवस्था आम्हीच बघतो, त्यात आज दुसरं कुटुंब उतरलेलं आहे आणि तुमच्याशी बोललेल्या माणसाला आम्ही ओळखत नाही. त्याचा फोन तेव्हापासून बंद.

बाबांची जेवणाची वेळ टळून गेली होती. मुलं गाडीतूनच पूल शोधत होती. आईंनी डबा उघडून बाबांना थालीपीठ दिलं आणि मला म्हणाल्या, ‘‘आधी रात्रीचं बघ, रडायचं ते उद्या.’’ त्यांच्या त्या वाक्याने मी भानावर आले. हायवे १९२ वर एका मोटेलमध्ये सुट्टीच्या चढ्या दराने दोन खोल्या मिळाल्या. खोलीत शिजवायला मनाई होती.

दुसऱ्या दिवशी शेरीफच्या ऑफिसात तक्रार दिली, एफबीआयच्या आयसी३ या इंटरनेट गुन्ह्यांच्या साइटवर आणि एफटीसी या ग्राहकांचं संरक्षण बघणाऱ्या सरकारी संस्थेकडेही नोंदवली. बँकेकडून पैसे परत आले नाहीत, आणि त्यामागचं कारण प्रत्येकाने समजून घेतलं पाहिजे. १९७८चा इलेक्ट्रॉनिक फंड ट्रान्सफर कायदा तुमच्या खात्यातून तुमच्या परवानगीशिवाय गेलेल्या पैशांना संरक्षण देतो. झेलने तुम्ही स्वतः बटण दाबून पाठवलेत, मग भले खोटं सांगून पाठवायला लावलेले असोत, ते परवानगीने गेलेले धरले जातात. क्रेडिट कार्डाचं तसं नाही. १९७४च्या फेअर क्रेडिट बिलिंग कायद्यानुसार ठरलेली सेवा मिळालीच नाही तर बिल पाठवल्यापासून ६० दिवसांत लेखी हरकत घेता येते, आणि तिची चौकशी होईपर्यंत ती रक्कम भरावी लागत नाही. कार्ड नको, झेल, वायर किंवा गिफ्ट कार्डच हवं असं कुणी म्हटलं, तर तो व्यवहार तिथेच सोडा. स्वस्त पडतंय म्हणून तर मुळीच थांबू नका.

आता फ्लोरिडापुरत्या तीन गोष्टी सांगते. या पैसे देण्याआधी घरबसल्या आणि फुकट करता येतात, आणि मला आधी कुणी सांगितल्या असत्या तर आमची सहल वेगळी झाली असती.

फ्लोरिडात पर्यटकांना भाड्याने द्यायच्या घराला राज्याचा परवाना लागतो. डिपार्टमेंट ऑफ बिझनेस अँड प्रोफेशनल रेग्युलेशनच्या साइटवर तो नावाने किंवा परवाना क्रमांकाने शोधता येतो. परवाना क्रमांक मागा आणि स्वतः तिथे टाकून बघा, त्यांनी पाठवलेल्या फोटोवर विसंबू नका. दुसरं, तिथल्या प्रत्येक काउंटीचं, म्हणजे जिल्ह्याचं, प्रॉपर्टी अप्रेझर नावाचं कार्यालय असतं, त्याच्या साइटवर पत्ता टाकला की घराच्या मालकाचं नाव दिसतं. किसिमी ऑसिओला काउंटीत येतं. आमच्या करारावरचं नाव आणि तिथलं नाव यांचा काही संबंध नव्हता. मालक कंपनीच्या नावाने असू शकतो, म्हणून नाव न जुळणं म्हणजे लगेच फसवणूक नव्हे. पण मग घराची व्यवस्था कोण बघतं हे विचारा, त्या ऑफिसचा नंबर स्वतः शोधा आणि फोन करून आपल्या तारखांना आपल्या नावाचं बुकिंग दिसतंय का हे विचारा. समोरच्याने दिलेल्या नंबरावर फोन करून उपयोग नाही, तो नंबरही त्याचाच असतो.

तिसरी गोष्ट कराची. ऑसिओला काउंटीत अशा भाड्यावर विक्रीकर आणि पर्यटन कर मिळून १३.५ टक्के लागतो. खऱ्या बिलात तो वेगळा दाखवलेला असतो. आमच्या करारात कराची ओळच नव्हती. ‘सगळं धरून’ असा एकच गोल आकडा होता.

आणखी एक, कारण हे आमच्या बाबतीत खरोखर घडलं. तक्रारीनंतर मी माहिती एका ग्रुपवर लिहिली, तर दोन दिवसांत एका ‘पैसे वसूल करून देणाऱ्या’ माणसाचा मेसेज आला. थोडी फी आधी भरा, बाकी मी बघतो. एकदा फसलेल्यांना पुन्हा गाठणारे हे लोक वेगळे असतात, आणि एफटीसी याबद्दल स्पष्ट सांगते: पैसे परत मिळवून देण्यासाठी आगाऊ पैसे मागणारा फसवणाराच असतो. मी उत्तर दिलं नाही.

सुट्टीचे उरलेले दिवस आम्ही वाया जाऊ दिले नाहीत. ऑरेंज सिटीजवळच्या ब्लू स्प्रिंग स्टेट पार्कला गेलो. एका गाडीला सहा डॉलर, झऱ्याचं पाणी बारा महिने ७२ अंश फॅरनहाइटच्या आसपास. हिवाळ्यात तिथे मॅनेटी हे मोठे पाण्यातले सस्तन प्राणी येतात, तेव्हा पोहणं बंद असतं, पण एप्रिलमध्ये मुलं तासन्तास पाण्यात होती. एक दिवस कोको बीचला काढला. खर्चाचं गणित मात्र पार बिघडलं, आणि आईंनी घरून आणलेला कुकर डिकीतच राहिला.

परवा आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका दादांनी फोटो टाकून विचारलं, इथे कुणी राहिलंय का, पैसे आज पाठवायचे आहेत. तोच पूल, तेच जिन्याजवळचं निळं कपाट, भाडं देणाऱ्याचं नाव आणि नंबर तेवढे वेगळे. मी लगेच फोन केला आणि वसाहतीच्या क्लबहाउसमधल्या त्या ऑफिसचा नंबर दिला. दादांनी तिथे विचारलं. त्यांच्या तारखांना त्या घराचं बुकिंग आधीच दुसऱ्याच्या नावावर होतं. पैसे त्यांनी पाठवले नाहीत, आणि आयसी३वर आता त्यांचीही तक्रार नोंदलेली आहे.