आर्टेमिस ओळखताना: व्हर्सायची की इफेससची?

दोन्ही मूर्ती आर्टेमिस या एकाच देवीच्या, पण ग्रीक शिकारदेवी मनात धरून इफेसस या प्राचीन ग्रीक शहरातल्या मूर्तीसमोर उभे राहिलात तर ओळख पटणार नाही.

पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातली 'व्हर्सायची डायना' (डायना हे आर्टेमिसचं रोमन नाव) सोपी. ही रोमन काळातली संगमरवरी प्रत आहे. मूळ मूर्ती इ.स.पू. चौथ्या शतकातली मानतात. गुडघ्यावर खोचलेलं आखूड वस्त्र, चालती पावलं, उजवा हात पाठीवरच्या भात्याकडे, शेजारी हरीण. मात्र हाताच्या ठेवणीवरून फार निष्कर्ष काढू नका. अशा मूर्तींचे तुटलेले भाग पुढे नव्याने जोडले गेले, त्यामुळे आधी सांधे पाहावेत.

इफेससची मूर्ती खांबासारखी ताठ. पाय जुळलेले, कोपरापासून हात पुढे, डोक्यावर उंच मुकुट, घट्ट वस्त्रावर चौकटींत सिंह, बैल, मधमाश्या. १९५६ मध्ये उत्खननात मिळालेल्या मूर्ती तुर्कस्तानातल्या सेल्चुकच्या संग्रहालयात आहेत. छातीवरच्या गोलाकारांना सरसकट 'अनेक स्तन' म्हणतात, ते घाईचं आहे: त्यांना स्तनाग्रं नाहीत, आणि इटलीतल्या नेपल्समध्ये असलेल्या अशाच मूर्तीत चेहरा-हात काळे असून हे गोल मात्र वस्त्राच्याच फिकट दगडात आहेत. म्हणजे ते अंगावर चढवलेलं काहीतरी असावं. बैलांचे वृषण, हाही एक तर्क आहे.

शिकारीची आर्टेमिस समजून घ्यायची तर लूव्रची मूर्ती पुरेशी. पण तिची पूजा प्रत्यक्षात किती वेगवेगळी होती हे कळायला इफेससचीच हवी, आणि आमच्या मते जास्त वेळ तिलाच द्यावा.