खानावळीसाठी मासे: धक्क्यावरचे, किनाऱ्यावरचे की मानशीचे?

ओळखीचं एक जोडपं गोव्यात म्हापशाजवळ घरगुती खानावळ काढतंय. त्यांचा प्रश्न असा: मासे मालीमच्या ट्रॉलरांच्या (यांत्रिक बोटींच्या) धक्क्यावरून घ्यावेत, मोरजी-केरीच्या किनाऱ्यावरून, की खाजनातले, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतात, पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या मानशीच्या दारावर धरलेले? दर त्यांनी काढलेत. दरात न दिसणारं तेवढं मी लिहितोय.

धक्क्याची सोय निर्विवाद. रोज माल, हवा तेवढा, आणि गिऱ्हाइकाने इसवण (सुरमई) मागितली तर इसवण हजर. पण ट्रॉलरचं जाळं समुद्राच्या तळावरून खरवडत जातं. सुंगटांसाठी (कोळंबीसाठी) टाकलेल्या जाळ्यातून काय वर येतं, ते एकदा पहाटे उभं राहून बघा. मी बघितलं तेव्हा बाजूला सारलेल्या ढिगात बोटाएवढी पिल्लं, खेकड्यांचे तुटलेले पाय, फुटके शंख आणि चिखल होता. हा ढीग वजनावर विकला जातो आणि फिशमील (खाद्यात घालायची माशांची भुकटी) किंवा खताकडे जातो. त्यातली पिल्लं आणखी वर्षभराने तुमच्याच ताटात आली असती. मोरजी, आगोंद, गालजीबागला अंडी घालायला येणारी ऑलिव्ह रिडले कासवंही अशा जाळ्यात सापडतात आणि श्वासासाठी वर येता न आल्याने मरतात. कासव सुटण्याची सोय आपल्या ट्रॉलरांच्या जाळ्यांत नव्हती, म्हणून अमेरिकेने भारताची समुद्रात पकडलेली कोळंबी घेणं थांबवलं. त्यात यांत्रिक बोटींना डिझेलवरच्या व्हॅटचा परतावा मिळतो. म्हणजे धक्क्यावरची स्वस्ताई थोडी आपल्याच खिशातून आलेली असते.

माणक्यांचा (स्क्विडचा) ढीग पडलेला दिसला तर एक प्रश्न जरूर विचारा: दिवे लावून पकडल्या का? एलईडीच्या झोतावर लहान-मोठं सगळंच गोळा होतं. केंद्राने नोव्हेंबर 2017 मध्ये यावर बंदी घातली, तरी तक्रारी दर हंगामात असतातच.

किनाऱ्यावर गोष्ट वेगळी. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं, वीस-तीस माणसं हाताने ओढतात. डिझेल जवळजवळ नाही, आणि मासळी त्याच सकाळची. सत्तरच्या दशकात रापणकार ट्रॉलरांविरुद्ध रस्त्यावर उतरले, मासेमारीवरचा 1980 चा कायदा आला, किनाऱ्यालगतच्या 5 किलोमीटरांत ट्रॉलरना मनाई झाली. तरी रापणीला सोवळ्यात बसवू नका. तिचे आस (जाळ्याची भोकं) बारीक, त्यामुळे पिल्लं तीही ओढते. माझं मत होडीवाल्यांच्या उभ्या जाळ्याला. आसापेक्षा लहान मासा त्यातून निसटतो. अडचण एकच: काल बांगडे, आज फक्त तारले (लहान सार्डिन), उद्या काहीच नाही. छापील मेनूकार्ड मग विसरा, दाराशी फळा लावा.

खाजनातले शेवटे आणि काळुंद्रं हे मासे चवीला उत्तम, आणि समुद्रावर भारही नाही. इथला खर्च जमिनीवर पडतो. मानशीचा लिलाव घेतलेल्याला मासळी हवी असते, शेतकऱ्याला कोरगुट, म्हणजे खाऱ्या जमिनीत येणारं भात. मासळीसाठी खारं पाणी जास्त आत घेतलं की शेत पडीक होतं आणि बांध खचतो. ज्या खाजनात अजून भात पिकतं, तिथलीच मासळी घ्या. माल तसाही थोडाच मिळेल.

शेततळ्यातली वनामी कोळंबी घेतली की समुद्र सुटला, असं मात्र समजू नका. तिच्या खाद्यात फिशमील असतं, म्हणजे शेवटी तारलेच.

1 जून ते 31 जुलै ट्रॉलर बंद. बाजारात तेव्हा बर्फातली परराज्यातली मासळी येते. मी तुमच्या जागी असतो तर ते दोन महिने पुरुमेंतावर (पावसाळ्यासाठी केलेल्या साठवणीवर) काढले असते: सुके बांगडे, सुक्या सुंगटांची किसमूर (खोबरं घातलेली कोशिंबीर), सोलकढी.

बाकी वर्षभर रोजचा मासा होडीचा, आणि इसवण-पापलेट फक्त रविवारी, धक्क्यावरून, मापून. महाराष्ट्राने 2023 मध्ये 54 जातींची किमान लांबी ठरवली, पापलेटासाठी 135 मिलिमीटर. पापलेटाला कंपासपेटीतली पट्टी पुरते. मी पहिल्यांदा ती काढली तेव्हा मासेवाली हसून म्हणाली, “बाबा, नुस्तें (मासे) घेता काय कापड?” पण पुढच्या खेपेला तिने लहान पापलेटं माझ्यासमोर मांडलीच नाहीत.