डॅटसन २४०झेडमध्ये एलएस इंजिन: वायरिंगचे तीन मार्ग, आणि तुम्हाला कोणता परवडेल

डॅटसन २४०झेड या जुन्या, सहा सिलिंडरच्या जपानी स्पोर्ट्स कारमध्ये जीएमचं (जनरल मोटर्सचं) एलएस व्ही-८ इंजिन बसवणं अमेरिकेत आता सरावाचं काम झालंय. माउंट, रेडिएटर, ड्राइव्हशाफ्ट सगळं तयार मिळतं. गाडी महिनोन्‌महिने अडून राहते ती वायरिंगपाशी. मार्ग तीन आहेत: इंजिनासोबत आलेला जुना हार्नेस (तारांचा जुडगा) सोलून कमी करणं, जीएमच्याच कॉम्प्युटरसाठी बनवलेला नवा हार्नेस घेणं, किंवा होली कंपनीच्या टर्मिनेटर एक्ससारखा स्वतंत्र ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) लावणं.

पैसे मोजण्याआधी क्रँक सेन्सर बघा, म्हणजे क्रँक कुठे फिरतोय ते कॉम्प्युटरला सांगणारा सेन्सर. जेन-३ म्हणजे एलएसच्या आधीच्या पिढीच्या इंजिनात क्रँकचं २४एक्स (एका फेऱ्याला २४ सिग्नल देणारं) चाक आणि ब्लॉकच्या मागच्या बाजूला कॅम सेन्सर असतो. नंतरच्या जेन-४ मध्ये बहुतेक ठिकाणी ५८एक्स चाक आणि कॅम सेन्सर पुढच्या टायमिंग कव्हरवर. कॉम्प्युटर आणि चाक जुळलं नाही तर कितीही सेल मारा, ठिणगी पडणार नाही.

जुना हार्नेस सोलणं सगळ्यात स्वस्त, पण हार्नेस, कॉम्प्युटर आणि इंजिन एकाच गाडीतून निघालेलं असेल तरच. जेन-३ सोबतच्या जीएमच्या ‘०४११’ कॉम्प्युटरला ८० पिनांचे दोन कपलर असतात, निळा आणि लाल. निळ्याची पिन २० आणि ५७ थेट बॅटरीवर, निळ्याची १९ चावीवर, आणि दोन्ही कपलरांची १ आणि ४० अर्थवर. लाल ९ मधून इंधन पंपाच्या रिलेला १२ व्होल्ट बाहेर येतात. फॅनच्या लाल ४२ आणि ३३ मात्र रिलेला अर्थ देतात. बहुतेक जण इथेच फसतात: दोन्ही रिले एकाच पद्धतीने जोडतात आणि मग पंप चालत नाही म्हणून नवा पंप आणतात. मागचे ऑक्सिजन सेन्सर, एसी, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स यांच्या तारा काढायच्या असतील तर कपलरमधून पिन उपसून काढा, मध्येच कापून टेप गुंडाळू नका. वीस वर्षं एक्झॉस्टजवळ तापलेलं प्लास्टिक हात लावला की तुटतं. हार्नेसची ती अवस्था असेल तर हा मार्ग सोडा.

नवा हार्नेस, जीएमचाच कॉम्प्युटर: रस्त्यावर चालवायच्या २४०झेडसाठी आमची पहिली पसंती हीच. जीएमचं कॅलिब्रेशन थंडीत पहिल्या सेलला चालू होतं, आयडलला डळमळत नाही, नॉक सेन्सर (इंजिनातली ठोक ओळखणारा) ऐकतं. हार्नेससाठी साधारण ५०० ते ९०० डॉलर धरा. ट्यूनमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅममध्ये, व्हॅट्स ही चोरीरोधक यंत्रणा बंद करून घ्यावीच लागते. नाहीतर इंजिन चालू होऊन लगेच बंद पडतं किंवा इंजेक्टर उघडतच नाहीत. गिअरबॉक्सचा स्पीड सेन्सर लाल २० आणि २१ ला जोडायला टाळाटाळ करू नका. त्याच्याशिवाय सिग्नलला थांबताना आयडल लटकतो, कधी इंजिन बंदही पडतं. थ्रॉटल केबलचा असेल तर सोपं, फक्त २४०झेडचा मूळ पेडल दांड्यांच्या जोडणीवर चालतो, म्हणून केबलसाठी ब्रॅकेट करावा लागतो. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल हवा असेल तर पेडल, थ्रॉटल बॉडी आणि कॉम्प्युटर एकमेकांना चालणारेच घ्या. जेन-३ ट्रकमध्ये या तिघांखेरीज थ्रॉटल चालवणारं टॅक (टीएसी) मॉड्यूलही लागतं.

स्वतंत्र ईसीयू महाग, हजार डॉलरच्या वर. कॅम मोठा असेल, टर्बो लावायचा असेल, किंवा इंजिनाचा इतिहासच ठाऊक नसेल, तर हेच घ्या. टर्मिनेटर एक्स २४एक्स आणि ५८एक्स दोन्हीसाठी मिळतो, मात्र हार्नेस वेगवेगळा, तेव्हा ऑर्डर देताना चूक नको. हवा-इंधनाचं प्रमाण मोजणारा वाइडबँड सेन्सर सोबत येतो. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलसाठी मॅक्स आवृत्ती लागते. ‘आपोआप शिकतो’ ही जाहिरात अर्धीच खरी आहे: तो इंधनाचा तक्ता सुधारतो, इग्निशन टायमिंग नाही. थंड स्टार्ट आणि आयडल बसवायला स्वतः लॅपटॉप घेऊन बसायची तयारी हवी.

कोणताही मार्ग घ्या, डॅटसनच्या बाजूची कामं तीच राहतात, आणि खरी डोकेदुखीही तीच. इग्निशनचा १२ व्होल्ट जुन्या कॉइलच्या तारेवरून घेऊ नका. ती बॅलास्ट रेझिस्टर (कॉइलचा व्होल्टेज कमी करणारा) आणि टॅकोमीटरमधून फिरून येते, व्होल्टेज घसरतो. चावी ‘स्टार्ट’वर धरल्यावरही जिवंत राहणारी तार शोधा आणि तिने फक्त रिले चालवा. सेल मारताना काही नाही आणि चावी सोडताच इंजिन पेट घेतं, असं झालं तर चुकीची तार निवडली आहे हे नक्की. फ्यूज वेगळे ठेवा: दोन्ही बाजूंच्या कॉइल-इंजेक्टरना १५-१५ अँपिअर, ऑक्सिजन सेन्सरच्या हीटरला १५, कॉम्प्युटरला १०, पंपाला २०, प्रत्येक फॅनला ३०.

चार्जिंगचा सगळा करंट डॅशबोर्डच्या अमीटरमधून नेण्याची जुनी सोय १०० अँपिअरच्या वरच्या अल्टरनेटरपुढे टिकत नाही, वायर तापून जळू शकते. अल्टरनेटरची जाड तार फ्यूजसह थेट बॅटरीला न्या, अमीटर बाजूला काढा, व्होल्टमीटर लावा. अल्टरनेटरच्या ‘एल’ टर्मिनलला दिवा किंवा रेझिस्टरशिवाय १२ व्होल्ट दिले तर रेग्युलेटर जातो.

टॅकोमीटरही तसाच चालणार नाही. २४०झेडचा मूळ टॅकोमीटर कॉइलच्या करंटवर चालतो, आणि एलएसचा कॉम्प्युटर एका फेऱ्याला दोनच पल्स देतो, सहा सिलिंडरला लागतात तीन. टॅकोमीटर नुसता व्होल्टेजवर आणलात तरी ३००० आरपीएमला काटा २००० दाखवेल, म्हणून कन्व्हर्टर हवाच. तापमानाच्या मूळ काट्यासाठी उजव्या हेडच्या मागच्या बाजूला बंद असलेलं एम१२ छिद्र वापरा, कॉम्प्युटरचा सेन्सर त्यासाठी वाटून घेऊ नका. इंजिन रबरी माउंटवर असतं, म्हणून बॅटरीची ऋण तार ब्लॉकला आणि तिथून बॉडीला निदान दोन पट्ट्या द्या.

कॅलिफोर्नियात १९७५ आणि त्याआधीच्या मॉडेलना स्मॉग (धुराची) तपासणी नाही, त्यामुळे २४०झेडला तिन्ही मार्ग मोकळे आहेत. तुमची गाडी १९७६ ची किंवा नंतरची २८०झेड असेल तर बदललेलं इंजिन रेफरीकडे, म्हणजे अशा गाड्या तपासणाऱ्या राज्याच्या अधिकृत केंद्रात, दाखवावं लागतं, प्रदूषण नियंत्रणाच्या सगळ्या भागांसह. तिथे मागचे ऑक्सिजन सेन्सर आणि ओबीडी-२ (बिघाड तपासणीचा) पोर्ट जिवंत ठेवणारा जीएमचा कॉम्प्युटरच घ्या.