मागचे अ‍ॅडजस्टेबल आर्म: आधी अ‍ॅल्युमिनियम, आता 9 महिने स्टील

गाडी 2010 ची सिव्हिक, मागे डबल विशबोन, म्हणजे चाक वर-खाली दोन आर्मनी (दांड्यांनी) धरलेलं. हौसेने बुटक्या स्प्रिंगा टाकल्या, मागची चाकं वरून आत झुकली, कॅम्बर (हा झुकाव) उणे अडीच अंश. टायर आतल्या कडेने तारांपर्यंत घासले. म्हणून वरचे आर्म बदलून लांबी कमी-जास्त करता येणारे टाकले: 6061-टी6 अ‍ॅल्युमिनियमचे, लालचुटुक. खरं सांगतो, रंगावर भाळलो.

काही महिने तक्रार नव्हती. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री बडोद्यात शिरली आणि गाडी दोन दिवस निम्म्या चाकापर्यंत पाण्यात होती. इंजिन वाचलं. दिवाळीआधी अलाइनमेंटला गेलो, तर आर्म फिरेचना. ‘चोंटी गयुं, साहेब,’ मिस्त्रीने हात झटकले. अ‍ॅल्युमिनियमच्या नळीत स्टीलचे आटे. मध्ये पाणी मुरलं की अ‍ॅल्युमिनियम झिजतं आणि त्याची पांढरी भुकटी आट्यांत गच्च बसते. बसवताना अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारा लेप) लावलं नव्हतं, ही चूक माझीच. पाइप पान्याने जोर लावला तर आटेच सोलून आले.

आता सीमलेस स्टीलच्या नळीचे, झिंक प्लेटिंग केलेले आहेत. स्टील जवळपास तिप्पट जड, पण ताठपणाही तिप्पट. म्हणून नळी बारीक चालते. दोन्ही आर्म मिळून किलोभराचाही फरक पडला नाही. शिवाय जोराचा दणका बसला तर चांगलं स्टील सहसा आधी वाकतं, म्हणजे कळतं तरी. अ‍ॅल्युमिनियम बारीक धक्क्यांचाही हिशेब मनात ठेवतं आणि कधीतरी तडकतं. मकरपुरा जीआयडीसीतला (इथली औद्योगिक वसाहत) मित्र क्रोमोली (क्रोमियम-मॉलिब्डेनम घातलेलं स्टील) घे म्हणून मागे लागला होता. ताकद जास्त, पण वजन आणि ताठपणा साध्या स्टीलइतकाच. रोजच्या गाडीला कशाला?

धातूपेक्षा जास्त डोकं सांध्यांनी खाल्लं. आधी आतल्या टोकाला रोझ जॉइंट होते, म्हणजे धातूच्या गोळ्याचे उघडे सांधे. धूळ आणि चिखल जाऊन दोन महिन्यांत खडखडू लागले. मागे बसलेल्या आईने विचारलं, ‘अरे, डिकीत डबे ठेवलेस का?’ तिथे पीयू (पॉलियुरेथेन) बुश टाकले. थोडे कडक आहेत, पण गप्प आहेत. ग्रीस मात्र भरावं लागतं, नाहीतर कुरकुरतात.

कॅम्बर आता उणे एक. तो हलवला की टोही (वरून पाहिल्यावर चाकाचं तोंड किती आत-बाहेर वळलंय ते) हलतो आणि टायर जास्त खातो तो टोच, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी लावून घ्या. आर्मची लांबी पक्की धरणाऱ्या चेकनटवर पिवळ्या रंगाची रेघ ओढून ठेवलीय, नट ढिला झाला तर कळावं म्हणून. या पावसाळ्यात डावीकडची पाव फेरा सरकलेली दिसली.