थेरपिस्ट: पडद्यावरचा की समोरच्या खुर्चीतला?

मानसोपचारतज्ज्ञ गोळ्या लिहून देतात, मानसशास्त्रज्ञ देत नाहीत, एवढं ठाऊक आहे असं धरून चालतो. प्रश्न त्यापुढचा. मोकळेपणानं बोलायला माणूस हवाय, तर तो अॅपवर शोधायचा की शहरातच कुणाकडे जायचं? मी दोन्ही करून पाहिलंय. राहतो पुण्यात, धायरीला. दोन बेडरूमचा फ्लॅट, घरात आई-बाबा, बायको आणि मुलगी. हा घराचा तपशील उगाच देत नाहीये.

निवडीच्या बाबतीत ऑनलाइनला तोड नाही, हे आधीच मान्य करतो. बाईच हवी, मराठी बोलणारी हवी, रात्री नऊनंतर वेळ देणारी हवी, हे सगळं चाळून घेता येतं. पुण्या-मुंबईत याचं अप्रूप वाटणार नाही, पण तालुक्याच्या गावी जो एखादा असतो तो नेमका मामांच्या ओळखीचा निघतो. फीसुद्धा मला तरी अॅपवर कमी पडली. फक्त पाटी तपासून घ्या. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्याकडे भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक असतो, तो बिनधास्त विचारावा. नुसतं ‘समुपदेशक’ लिहायला आजवर कुणी फारसं अडवलेलं नाही.

एडवर्ड बॉर्डिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९७९ मध्ये मांडलं होतं की थेरपीत दोघांचं तीन गोष्टींवर जमावं लागतं: काय साधायचंय, त्यासाठी काय करायचं आणि आपसातला विश्वास. माझं अॅपवरच्या बाईंशी तिन्हींवर बरं जमलं होतं. हुशार होत्या, घाई करत नसत, मागच्या वेळचं त्यांच्या नीट लक्षात असे. त्यांच्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार दाराबद्दल आहे. आमच्या घरात कुठलंही दार लावलं की पाच मिनिटांत कुणीतरी ते वाजवतं. आई चहा घेऊन येते. ‘बरं नाही का रे?’ मुलीला नेमका तेव्हाच चार्जर हवा असतो. हेडफोन लावले की बाईंचं बोलणं कुणाला ऐकू जात नाही, हे खरं. पण बोलायचं होतं मला, आणि तेही बाबांबद्दल. बाबा भिंतीपलीकडे बातम्या लावून बसलेले! मग मी खाली गाडीत जाऊन बसायला लागलो. तिथे रेंज जाते, वॉचमन काच वाजवून ‘साहेब, काय झालं?’ विचारतो, आणि वरच्या मजल्यावरच्या काकांना त्याच वेळी गाडी काढायची असते. शेवटी मी विषयच जपून निवडायला लागलो. घरचं काही निघालं की आवाज खाली, आणि मग गाडी ऑफिसच्या ताणावर. बाई बिचाऱ्या मन लावून माझ्या बॉसवर काम करत राहिल्या. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं आपल्या माहितीची गोपनीयता हा हक्क केलाय, पण घरातल्या भिंतींना कायदे लागू होत नाहीत.

आता जातो ते सर सदाशिव पेठेत बसतात. गैरसोयी बऱ्याच. पार्किंगची बोंब, वेळ पुढे-मागे, वेटिंगमध्ये ओळखीचं कुणी भेटण्याची धास्ती. (एकदा ऑफिसातला एक जण भेटला. दोघांनीही आपापले मोबाइल अतिशय बारकाईनं वाचले.) पद्धत विवेकनिष्ठ, म्हणजे मनातल्या हट्टी समजुती तपासून बदलायच्या: अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९५५ च्या सुमारास मांडलेली, आपल्याकडे कि. मो. फडके यांनी रुजवलेली. त्यात थेरपिस्ट नुसती मान डोलावत नाही, चक्क वाद घालतो, वर गृहपाठ देतो. ‘बाबांनी मला विचारायलाच पाहिजे होतं’ म्हणालो की सर विचारतात, ‘का पाहिजेच? कुठं लिहून ठेवलंय?’ हे सगळ्यांना रुचेल असं नाही. माझा मेहुणा दुसऱ्याच खेपेला वैतागून जायचा बंद झाला. पण खोलीचं दार जाड आहे आणि ते कुणी वाजवत नाही. तिथे मी पहिल्यांदा बाबांचं नाव घेऊन मोठ्या आवाजात बोललो. शिवाय स्क्रीनवर फक्त तोंड दिसतं. इथे सरांनी एकदा मध्येच थांबवून विचारलं, ‘आईचा विषय निघाला की पाय का हलतो?’

जाण्यायेण्याचा वेळ मी तोट्यात धरला होता. पण परतताना सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये हेल्मेट घालून अडकलं की अर्धा तास कुणी काही विचारत नाही, आणि झालेलं बोलणं डोक्यात जरा मुरतं. घरी कॉल बंद केला की तिसऱ्या मिनिटाला ताटावर बसावं लागायचं.

हे माझ्या घरापुरतं. एकटे राहत असाल, किंवा तुमच्याकडे लावलेलं दार लावलेलंच राहत असेल, तर ऑनलाइनबद्दल मी म्हणतो त्यातलं अर्धंअधिक तुम्हाला लागू नाही. रात्री-बेरात्री फारच असह्य झालं तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे, मराठीतही बोलता येतं. नियमित थेरपीची जागा तो घेणार नाही, पण ती रात्र निभावते. बाकी, पहिल्या सेशनआधी घरात एक चाचणी करून बघा: दार लावून, ज्या माणसाबद्दल बोलायचंय त्याचं नाव नेहमीच्या आवाजात घ्या. घेता आलं तर अॅप उघडा.

जोराचा पाऊस असला की सरांचा मेसेज येतो, ‘आज व्हिडिओवर करायचं का?’ मी पुढच्या आठवड्याची वेळ मागून घेतो.